संपादकाची इर्जिक

२ जुलै, मंगळवार. सकाळी ७.१०
आजपासून रोज सहाला उठणार. (आज पावणेसात झाले, पण आज तयारीचा दिवस.)
आपल्या कृषी विद्यालयाला स्वतःचा अंक नाही, हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं. सरांनी दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, कर बाबा. म्हणजे संपादक मीच.
नाव ठरलं : हरितक्षितिज. रूममेट सोमनाथ म्हणाला, ‘तरवा’ ठेव, भाताची रोपं असत्यात, समद्यांना कळंल. सगळ्यांना कळायला हे काय किराणा दुकान आहे?

४ जुलै, गुरुवार
लेख मागवणारी नोटीस मेसच्या दारावर लावली. भाषा भारदस्त.

५ जुलै, शुक्रवार
आलेले लेख : शून्य. नोटिशीवर कुणीतरी ‘आमटी पातळ’ असं लिहिलं आहे. म्हणजे पोरांना व्यक्त व्हायचं आहे, फक्त दिशा नाही.

६ जुलै, शनिवार
मला एक जबरदस्त कल्पना सुचली. (तेव्हा सोमनाथ बोलत होता.) त्यांच्या गावाकडे, मार्गासनीच्या वरच्या अंगाला, इर्जिक घालतात. एकाच्या शेतात बाकीचे सगळे फुकट राबायला येतात, तो सगळ्यांना जेवू घालतो. मग दुसऱ्याची पाळी आली की त्यानेही जायचं. हा शेवटचा भाग तपशिलाचा. मुद्दा असा की लोक येतात.
उद्या साहित्यिक इर्जिक. जेवण : वडापाव.

७ जुलै, रविवार
भव्य यश. अकरा जण आले. मी देखरेख केली. शिवानीने बैलाचं चित्र काढलं. ज्ञानूने खतांवर कोडं केलं. सोमनाथचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे सगळं फेअर त्यानेच केलं. सहा तास. त्याची पाठ आखडली. मी त्याला दोन वडे जास्त दिले.
त्याने स्वतःचाही लेख दिला, अर्धं पान : ‘आईचा बकऱ्यांचा दवाखाना’. वरवर बघितला. विचार नाही. पण मैत्रीखातर घेतला. तो म्हणाला, आयला वाचून दावनार हाय, तिचं नाव कागदावर छापलेलं तिनं कवाच बघितलं न्हाई.
जाता जाता म्हणाला, एकवीस तारखेला आमची लावणी हाय. आबांनी इर्जिक घातलीया. मान्या, येशील न्हवं? म्हटलं, हे काय विचारणं झालं? सगळ्यांच्या आधी चिखलात मी उतरेन.

१० जुलै, बुधवार
भोरच्या बाजारात गमबूट बघून आलो. सोमनाथ हसला. चिखलात बूट रुततोय, अनवाणीच यायचं. वडील तहसीलला क्लार्क असल्यामुळे माझ्या पायांना सवय नाही. सराव सुरू केला. हॉस्टेलच्या अंगणात अनवाणी, चार मिनिटं. खडे फार.

१४ जुलै, रविवार
संपादकीय लिहून झालं. ‘इर्जिक : हरवत चाललेली माणुसकी.’ एक पान ठरलं होतं, अडीच झालं. विचारांना बांध घालता येत नाही.
सोमनाथने ते संध्याकाळी उतरवून दिलं. मधेच थांबून म्हणाला, मान्या, लई ब्येस लिवलंस. मला ठाऊक होतं.

१६ जुलै, मंगळवार
जागेचा प्रश्न. पानं आठच. कोडं काढलं तर ज्ञानू भांडेल. चित्र काढलं तर शिवानी सरांकडे जाईल. संपादकाचा फोटोही बसवायचा आहे. (आग्रह कुणाचा नाही, पण प्रथा असते.) सोमनाथ समजूतदार आहे. मित्र असतात कशाला? त्याचा लेख पुढच्या अंकात, ठळक चौकटीत.
त्याला सांगायचं राहिलं. सांगून उगाच वाईट वाटेल.

२१ जुलै, रविवार. सकाळी ६.२०
उठलो! पोरं सहाच्या टेम्पोने पुढे गेली. मी थांबलो, कारण रात्री एक विचार आला : इर्जिकीवरचा अंक इर्जिकीतच वाटला तर? असा योग कोण सोडेल? झेरॉक्सवाला भोरला, नऊला उघडतो.
गावाहून सोमनाथचा फोन आला. म्हणाला, अंक मागनं काड की, रोपं उपटून पडल्यात, मानसं कमी हायती. म्हटलं, आलोच.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७
झेरॉक्सवाल्याची शाई संपली होती. अंक साडेअकराला हातात. एसटीने मार्गासनीपर्यंत, पुढे चढ चालत. अडीचला पोचलो. लावणी उरकली होती.
पडवीत पंगत बसली होती. सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. मी ज्ञानूशेजारी बसायला गेलो. सोमनाथचे वडील बाजीबुवा घाईने उठले आणि शेजारच्या घरातून खुर्ची आणली. म्हणाले, पाव्हणं, तुमी हितं बसा, कापडं खराब व्हत्याल. माझं ताट वेगळं आलं. चमच्यासकट. मानच म्हणायचा. पण पोरं खाली एकमेकांच्या ताटातलं उचलून खात होती, खिदळत होती, आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मला फार एकटं वाटलं.
अंक वाटले. सोमनाथची आई, सोजराबाई, पदराला हात पुसत आल्या. म्हणाल्या, माज्या बकऱ्यांचं कुठं छापलंय, दावा की. मी सगळी पानं उलटली. दोनदा. जणू सापडणारच होतं. त्यांनी एका पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ह्यो तर तुमचाच फोटू. म्हटलं, काकी, पुढच्या अंकात. त्या म्हणाल्या, आसू द्या, जागा पुरली नसंल. आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.
सोमनाथने अंक घेतला. आठही पानं बघितली. सगळी त्याच्याच अक्षरातली. मग घडी घालून मला परत दिला.

२३ जुलै, मंगळवार
सोमनाथ ज्ञानूच्या खोलीत राहायला गेला. म्हणाला, तिकडं वारं चांगलं येतंय. शक्य आहे. एकट्याची खोली लेखनाला उत्तम.

२८ जुलै, रविवार. दुपारी ४
दुसऱ्या अंकासाठी इर्जिक ठेवली होती, सकाळी दहाची. वडापाव तीस आणले. चारपर्यंत वाट बघितली. कदाचित सगळे अभ्यासात असतील. व्हॉलीबॉलचा आवाज येतो आहे.

त्याच दिवशी. ५.३०
ठरवलं : सोमनाथचा लेख मीच फेअर करणार, पहिल्या पानावर. कागद काढला. खरं सांगायचं तर तो आज पहिल्यांदाच नीट वाचला. सुरुवात अशी आहे : ‘कुणाचीही बकरी आजारी पडली की माझी आई न बोलवता जाते.’
मला तर दोनदा बोलावलं होतं.
पुढची ओळ अजून उतरवलेली नाही.