बिबट्याची हंसली

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सिविल लाइंस, झाशी

डोकं फिरलंय माझं! कॉलेजातल्या बिबट्याच्या सांगाड्याच्या तारा बदलून झाल्या, आणि पुढच्या पायांच्या हाडांत दोन्ही हंसल्या गायब! हंसली म्हणजे कॉलरबोन; गळ्याशी, खांद्यापुढे असते ती. बोटभर हाड.

"मॅडमजी, वो किसी से जुड़ी ही नहीं थीं," लॅबवाले भैया म्हणाले. "फालतू समझके फेंक दीं."

अहो, जोडलेली नसतेच ती! नुसती स्नायूंत असते, म्हणून तर खांदा मोकळा राहतो आणि बिबट्या एवढी लांब ढांग टाकतो. बोटभर हाड, पण वर्षानुवर्षं वर्गात मी तेच तर दाखवत आलेय!

घरी येऊन लेकीपुढे तणतणले. मान वर न करता म्हणाली, "जुड़ी नहीं थी तो किस काम की, मम्मी?"

माझं मराठी शब्दन्‌शब्द कळलं होतं तिला. उत्तर मात्र हिंदीत. तिच्यातलं मराठीही त्या हंसलीसारखंच, कशाला न जोडलेलं.