आईसारखे भरलेले गाल

प्रिय बाबा,

दुरूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

बोटांची सूज उतरलीय. शिवणाच्या कारखान्यात पुन्हा कामाला लागलेय, काळजी नको. फक्त स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा चांगलाच फुगलाय.

त्याचीच लाज वाटली, शिवाय बरंही वाटत होतं, म्हणून मध्यंतरी मनानेच गोळ्या बंद केल्या आणि मशीनवरच चक्कर येऊन पडले. डॉक्टरीणबाई चिडल्या. "अहो, या एकदम सोडल्या तर जिवावर बेतेल! शरीराला सवय झालेली असते. मी सांगेन तशा हळूहळू कमी करू." आता सकाळी पोटात काही घालून मगच गोळी घेते.

दवाखान्यातून आल्यावर वेणी घालायला आरशासमोर बसले, तर समोर आईच! तिला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तेच गुबगुबीत गाल. तुम्ही तिला 'पौर्णिमा' म्हणायचात आणि ती लटकं रागावून आत निघून जायची. आठवतं ना?

तुमचे गुडघे कसे आहेत? शेजारच्या काकांनी दिलेली गोळी परस्पर घेऊ नका हं.

गोळ्या कमी झाल्या की चेहऱ्याची सूजही उतरेल म्हणतात. त्याआधी फोटो काढून घेतला, तो सोबत ठेवलाय. घरात कुणी नसेल तेव्हा बघा.

तुमचीच,
धाकटी