खऱ्या भावाचा दाखला

म्हैसूर, बुधवार
(गौरीला दोन दिवस बाकी)

ती. सौ. गोदाअक्का यांस,

तुझा धाकटा आणि एकुलता एक भाऊ तिरुमल (खरा) याचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझे गुडघे, भावोजींचे कान आणि मागच्या दारची पपई कशी आहे ते कळवावं. (फोनवरून कळवू नकोस, कार्डावर कळव. कारण पुढे येईलच.) माझी तब्येत बरी आहे. सूनबाईनं, म्हणजे सहनानं, माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधलंय. ते दर तासाला थरथरतं आणि मला उठून चालायला सांगतं. नजरबादच्या ऑफिसात मी सदतीस वर्षं काढली, पण मला खुर्चीतून उठवणं एकाही साहेबाला जमलं नव्हतं.

हातानं लिहिलेलं पत्र बघून तुला नवल वाटेल. पण सोमवारपासून तू माझा आवाज मानत नाहीस, नंबर मानत नाहीस, आणि मी फोटो पाठवला तर फोटोही हल्ली कॉम्प्युटर काढतो असं उलट कळवतेस. मग माझ्याजवळ उरलं काय, तर अक्षर. सरगूरला तू मला पाटीवर गिरवायला बसवायचीस आणि माझा 'ळ' उताण्या झुरळासारखा दिसतो म्हणून चिडवायचीस. या पत्रातले सगळे 'ळ' एकदा नीट बघून घे. एकाही यंत्राला असा 'ळ' काढायची हिंमत होणार नाही.

आता झालं ते सांगतो, आणि माझी बाजू जरा सविस्तर सांगतो, कारण फोनवर तू ती सांगू दिली नाहीस. तू लग्न होऊन हुणसूरला गेलीस त्या वर्षापासून गौरीचं बागिन, माहेरचं वाण, आपल्याकडून हातानं पोचतं. आधी अप्पा आणायचे, पुढे मी. खण, बांगड्या, हळदकुंकू, डाळ-तांदूळ, गूळ घातलेलं सूप, त्यावर पालथं दुसरं सूप, असा तो सगळा संसार मांडीवर धरून बसमध्ये बसायचं. शेजारचा माणूस हमखास विचारतो, अक्काला का? मी हो म्हणतो आणि तो खिडकीची जागा देतो. यंदा माझा गुडघा धरला होता. (बराच धरला होता. अगदीच नव्हता असं नाही.) सहनानं सांगितलं की अ‍ॅपवर आता बागिनही मिळतं, तयार, पॅक केलेलं, दारात पोचतं. फोटोत सुपं झकास दिसत होती. मी चष्मा वर करून बोट टेकवलं आणि बावन्न वर्षांचं काम दोन मिनिटांत उरकलं. मला माझाच फार अभिमान वाटला, आणि दुपारच्या झोपेआधी तो मी चार लोकांना फोन करून सांगितलाही.

सोमवारी सकाळी सामान निघालं तेव्हा फोनवर एक नकाशा आला आणि त्यावर एक चिमुकली गाडी. ती गाडी खरोखरच चालते, अक्का! मी आठ वाजता बघायला बसलो. येलवाल आलं, गाडी पुढे गेली. बिळिकेरेला ती थांबली ती थांबलीच. माणूस चहाला उतरला असणार म्हणून मीही कॉफी करून घेतली. पुन्हा निघाली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी सहनाला हाक मारून दाखवलं. तिनं विचारलं, "मावा, बसनं गेला असता तर आतापर्यंत तिथं जेवायला बसला असता, अल्वा, हो ना?" मी नकाशा बोटांनी मोठा करून बघितला. हुणसूर दोन बोटांवर आलं आणि माझा फोन मेला. चार तास नकाशा बघितला की चार्ज संपतो, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

तुझ्या दारात पुढे काय झालं, ते मला डिलिव्हरीवाल्यानं (अ‍ॅपवर त्याचा मिशीवाला फोटो होता) सहनाच्या फोनवर सांगितलं; दुसरा नंबर तिचा दिला होता. बिचारा रडकुंडीला आला होता. त्यानं तुझ्याकडे ओटीपी मागितला. आता, गेल्या वर्षी बँकेच्या नावानं तुला भामट्याचा फोन आला होता, तेव्हा तासभर तुझी शिकवणी कुणी घेतली होती? मीच. साक्षात ब्रह्मदेव दारात आला तरी तो आकडा सांगायचा नाही, हे तुझ्याकडून तीनदा वदवून कुणी घेतलं होतं? तेही मीच. तू ब्रह्मदेवाचं वाक्य त्याला शब्दशः ऐकवलंस. तो म्हणाला, तुमच्या म्हैसूरच्या भावानं बागिन पाठवलंय. त्यावर तू म्हणालीस, माझा भाऊ बागिन पाठवत नाही, घेऊन येतो. तू चोर आहेस. आणि दार लावलंस. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा, खरं सांगतो, मी त्याला ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं.

मग मी सहनाच्याच फोनवरून तुला लावला. (तिच्याकडे तू 'हुणसूर अत्ते' या नावाखाली आहेस. मला तुझा नंबर पाठ नाही. एकेकाळी मला ऑफिसातले दोनशे नंबर पाठ होते.) अनोळखी नंबर बघून तू आधीच सावध. त्यात माझ्या आवाजात घाई. त्यात गेल्या उगादीला मीच तुला सांगितलेलं की हल्ली चोर नातेवाइकांचा आवाजसुद्धा हुबेहूब काढतात. तू कन्नडमध्ये विचारलंस, "नीवु यारु माताडोदु?" कोण आपण बोलताय! अक्का, आपण दोघं जन्मापासून एकमेकांशी मराठीत बोलतो. कन्नड आपण बसवाल्याशी, भाजीवालीशी, परक्या माणसाशी बोलतो. आणि वर 'नीवु', म्हणजे अहो-जाहो. तू मला चोर म्हणाली असतीस तर चाललं असतं, पण तू मला मान दिलास आणि मला फार वाईट वाटलं.

मग तू परीक्षा घेतलीस. घरात मला काय म्हणतात? मी म्हटलं तिम्मू. तू म्हणालीस, ते आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीही वाचेल. बरं, माझा वाढदिवस कधी? इथे मी गडबडलो. तुझा वाढदिवस मला फोन सांगतो, दरवर्षी सकाळी सात वाजता, घंटा वाजवून. आणि माझा फोन तेव्हा चार्जरवर पडलेला. मी म्हटलं, ऑगस्टमध्ये. (नंतर बघितलं. डिसेंबर.) तिसरा प्रश्न तू हळू आवाजात विचारलास. सरगूरला अप्पांची छत्री नदीत कुणी घालवली? मी म्हटलं, तू. त्यावर तू एकच शब्द बोललीस, "सरी," म्हणजे ठीक आहे, तोही कन्नडमध्ये, आणि फोन ठेवलास. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गोष्ट, माणूस विसरतो गं. त्यानंतर मी माझ्या फोनवरून अकरा वेळा लावला. एकदा भावोजींनी उचलला, पण कानातलं यंत्र काढून ठेवलेलं असल्यामुळे त्यांनी मला राँग नंबर ठरवलं.

काल ते बागिन परत आलं. अ‍ॅपमध्ये तक्रार लिहायला गेलो तर एक यंत्र अतिशय नम्रपणे विचारायला लागलं की अडचण कशात आहे: वस्तूत, पॅकिंगमध्ये की पत्त्यात? 'बहिणीत' असा पर्याय नव्हता. शेवटी ते मला म्हणालं की आपल्या अनुभवाला पाचपैकी किती तारे द्याल? मी फोन उपडा घातला आणि बागिन उघडून बघितलं. सुपं प्लॅस्टिकची होती, अक्का.

तेव्हा हे पत्र. माझी ओळख पटली असेल तर कार्डावर तसं दोन ओळींत कळव, म्हणजे मी ते खऱ्या भावाचा दाखला म्हणून जपून ठेवीन. भावोजींना नमस्कार. राग धरू नये.

तुझा,
तिरुमल

ता. क. (गुरुवार सकाळ) : पत्र पाकिटात घातलं आणि पत्ता लिहायला घेतला. तुझ्या घराचा नंबर मला माहीत नाही. रस्त्याचं नाव माहीत नाही. पिनकोड तर सोडूनच दे. सगळं त्या अ‍ॅपमध्ये होतं आणि ते मी रागानं काढून टाकलं. स्टँडवर उतरलं की पिठाच्या गिरणीशी वळायचं, मग मारुतीचं देऊळ, मग पपई दिसते. पायांना पाठ आहे, पण पोस्टमनला हे पाकिटावर लिहून चालत नाही. म्हणून पत्र पोस्टात टाकलेलं नाही.

ता. क. दोन : अक्षर हलतंय कारण बस हलतेय. मांडीवर बागिन आहे, सुपं वेताची, देवराज मार्केटमधून स्वतः निवडलेली. खण मोरपंशी आहे, कारण हिरवा दिला की तू नेसत्या साडीला जात नाही म्हणून ठेवून देतेस. हे मला कुठल्याही फोननं सांगितलेलं नाही. शेजारच्या माणसानं विचारलं, अक्काला का? आणि खिडकी दिली. आता खिडकीशी बसून एक गोष्ट लिहून टाकतो. गुडघा धरला नव्हता. मला कंटाळा आला होता. आणि छत्रीचंही मी विसरलो नव्हतो. सहनानं फोन स्पीकरवर टाकला होता. शेजारी सगळं घर उभं होतं. त्यांना मी इतकी वर्षं हीच गोष्ट रंगवून सांगत आलोय, की वेंधळ्या गोदाअक्कानं छत्री कबिनी नदीत सोडली. छत्री मी सोडली होती, नाव करून बघायला. तू अप्पांना तुझं नाव सांगितलंस. त्या वर्षी तुला दसऱ्याला म्हैसूरला नेलं नाही, मला नेलं, आणि परत आल्यावर मी तुला हत्तींचं वर्णन करून सांगितलं. तू ते सगळं ऐकून घेतलंस. अक्का, तू खरा प्रश्न विचारला होतास आणि खोटं उत्तर देणारा खरोखरच तुझा भाऊ नव्हता. मला माफ कर. बागिनाबरोबर एक छत्री आहे, काळी, लाकडी दांड्याची.

ता. क. तीन : तुझ्या ओट्यावर बसून लिहितोय. कडी वाजवली तर भावोजींनी चष्म्याशिवाय खिडकीतून बघितलं आणि तुला सांगितलं की सुपं विकणारा आलाय. तू आतूनच ओरडलीस, "बेडा, मुंदक्के होगी." नको, पुढे जा. म्हणून हे पत्र दाराच्या फटीतून आत सरकवतो आहे. वाचून झालं की दार उघड. 'बन्नी', म्हणजे परक्याला म्हणतात तसं 'या', म्हणालीस तर बागिन उंबऱ्यावर ठेवून, पाहुण्यासारखा नमस्कार करून परतीची बस धरीन. 'ये रे तिम्मू' म्हणालीस तर आत येईन आणि जेवूनच जाईन. मनगटावरचं घड्याळ मघापासून थरथरतंय, उठून चाला म्हणतंय. त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे. मी इथून हलत नाही.