झोपवल्याशिवाय नाव नाही

७ जुलै, सोमवार

लागली एकदाची नोकरी! आणि तीही खुर्चीवर बसून, एसीत. आजवर मी कुआला सेपेतांगच्या धक्क्यावर बर्फाच्या लाद्या फोडल्या, कॅमरनच्या डोंगरात कोबी उपटली, इपोहला फोनच्या काचा बदलल्या. पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडलं ते वेगळंच. आईला फोन केला तर म्हणाली, गुणा, या वेळी दिवाळीपर्यंत तरी टिक रे बाबा, मी अख्ख्या मळ्याला सांगून बसलेय. दिवाळीला साडेतीन महिने आहेत. टिकेन.

जागा बायान लेपासला, विमानतळाशेजारी, टायरच्या दुकानावरचा मजला. चार टेबलं, एक मीटिंगची खोली. खिडकीतून विमानं इतकी खाली उतरताना दिसतात की चाकं मोजता येतात. आज अकरा मोजली, मग मालकांनी हाक मारली. मालक म्हणजे टेओ अंकल, पायात बॅडमिंटनचे बूट घालून ऑफिसात हिंडतात. त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. अनामिकेचं शेवटचं पेर नाही, ते बर्फाच्या यंत्रात गेलं. विचारलं, माउस कुठल्या हातात धरतोस? म्हटलं, उजव्या. मग बस, म्हणाले. झाली मुलाखत!

काम असं. लोक वेगवेगळी यंत्रं बनवतात, त्यांच्या पोटातला सर्किट बोर्ड आम्ही संगणकावर आखून देतो. बोर्डावर बसणारा प्रत्येक भाग आधी सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत असावा लागतो. नेहमीचे भाग असतात, आडवेतिडवे नसतात. ते मी हाताने काढायचे. कंपनीच्या पत्रकावरून मापं घ्यायची, भागाचा प्रत्येक पाय जिथे टेकणार तिथे तांब्याची टिकली काढायची, पहिल्या पायापाशी एक टिंब द्यायचं म्हणजे भाग उलटा बसत नाही. या सगळ्याला इथे ठसा म्हणतात. आज एक काढला, झुरळाएवढा, बावीस पायांचा. मजा आली.

८ जुलै, मंगळवार

रोकिया म्हणून बाई आहेत, पन्नाशीच्या, केडाहच्या. सगळे त्यांना काक म्हणतात, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. काकचं काम तपासायचं. माझा कालचा ठसा तिने कागदावर जसाच्या तसा, खऱ्या मापात छापला, डबीतून खरा भाग काढून त्यावर ठेवला आणि डोळ्याला भिंग लावून टिंबापासून एकेक पाय बघत गेली. याला इथे झोपवणं म्हणतात. भाग कागदावर नीट झोपला तर हिरव्या पेनाने खूण आणि लायब्ररीत तपासणाऱ्याच्या चौकटीत नाव. नाही झोपला तर लाल फुली. माझे दोन पाय बाहेर लोंबत होते. काक म्हणाली, अरे, हा पाय पसरून झोपलाय की तुझ्यासारखा. लाल.

तिचा नियम एकच, झोपवल्याशिवाय नाव नाही. काढणारा एक, तपासणारा दुसरा. भाग हातात नसेल तर थांबायचं, मालक नाचू देत नाहीतर रडू देत.

सांगता सांगता मी विमान बघायला लागलो तर तिने ही वही दिली. म्हणाली, डोकं तुझं गळकं आहे, लिहून ठेवत जा, पेन खिशातून काढायचं नाही.

११ जुलै, शुक्रवार

माझी खुर्ची आधी बून हुआत नावाच्या माणसाची होती. लायब्ररीत शेकडो भागांवर काढणारा म्हणून त्याची अक्षरं आहेत, LBH. मार्चमधे तो नाहीसा झाला. चहा अर्धा, पिशवी खुर्चीला, मीटिंगच्या खोलीत दिवा चालू, आणि माणूस नाही. त्याची निळी स्कूटर अजून खाली उभी आहे. टायरवाला मणियम दर शनिवारी तिच्यात हवा भरतो. मला म्हणाला, येईल तेव्हा ढकलत न्यायला नको.

दर सोमवारी त्याच्या आईचा फोन येतो. काक मोडक्या होक्कियेनमधे तिच्याशी बोलते. बोलण्यासारखं काहीच नसतं, म्हणून जेवण काय केलं ते विचारते.

यावरून आठवलं, कोपऱ्यावरचा भात-रस्सा विकणारा कँडारवाला माशाची अंडी फक्त शुक्रवारी ठेवतो. गेलो तर संपली होती.

१७ जुलै, गुरुवार

काक भाचीच्या लग्नाला गावी गेलीय, सोमवारी येईल. आणि नेमका उद्या एक बोर्ड कारखान्यात जायचाय, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ऊब देणाऱ्या पेटीचा. सारावाकच्या आतल्या भागातल्या दवाखान्यांसाठी. बोर्डाच्या यादीत तपासायचा एकही भाग शिल्लक असेल तर सॉफ्टवेअर तो बोर्ड बाहेर सोडत नाही. अंकल दहा वेळा डोकावून गेले. म्हणाले, गुणा, यादी रिकामी कर, बाळं थांबत नाहीत.

सहा भाग झोपवले, सगळे नीट झोपले. सातवा बून हुआतच्या वेळचा. भागाच्या नावाच्या जागी LBH. म्हटलं, घाईत त्याने आपली अक्षरं चुकीच्या चौकटीत टाकली असतील. काढणाऱ्याच्या जागी NKS. हा कोण ते अंकलनाही माहीत नाही. सगळे ड्रॉवर उपसले, असा भाग कुठेच नाही. लांबी १७१०. मिल धरलं, इंचाचे हजार भाग करतात त्यातलं. म्हणजे बोटाहून छोटा, कनेक्टर असेल. आकार विचित्र होता खरा, पण कनेक्टर असतातच विचित्र.

तपासणाऱ्याच्या चौकटीत माझं नाव टाकलं. GSK. न झोपवता.

बोर्ड सुटला. अंकलनी सगळ्यांना थंडगार चेंडोल पाजलं.

२१ जुलै, सोमवार

काक आली, मुरांबा घेऊन. मी तिला काही सांगितलं नाही. दहाच्या ठोक्याला फोनकडे बघत बसलो, आज तिच्याऐवजी आपण बोलावं म्हणून. वाजला नाही. अकरापर्यंत नाही. काकला विचारलं, आज बून हुआतच्या आईचा फोन कसा नाही? तिने विचारलं, कुणाच्या?

वाटलं, चेष्टा करतेय. पण ती चेष्टा करते तेव्हा आधी स्वतःच हसते.

खाली गेलो. स्कूटर नाही. मणियमला विचारलं तर म्हणाला, कसली निळी स्कूटर? जागा तर पहिल्यापासून रिकामीच आहे. पण त्याच्या हातात हवेची नळी होती, आणि ती घेऊन आपण इथे का उभे आहोत हे त्याला सांगता येईना.

वर येऊन तो भाग उघडला. मापाचं एकक बघितलं. मिल नाही, मिलिमीटर. एक हजार सातशे दहा मिलिमीटर. माणसाची उंची. एका टोकाला टिंब, तिथे डोकं. खाली दहा टिकल्या दोन पावलांच्या. वर दहा दोन हातांच्या.

त्याचं असणं यादीत अडकून पडलं होतं, तपासायचं राहिलं म्हणून. मी नाव टाकलं आणि—

२२ जुलै, मंगळवार

यादीत एक नवीन भाग. तपासायचा बाकी. भागाचं नाव GSK. काढणारा LBH.

लांबी १६८४.

काकची टेप घेतली, दाराच्या चौकटीला पाठ लावली. १६८४.

डाव्या हाताच्या टिकल्या चार. आणि पाचवी आखूड.

२३ जुलै, बुधवार

काढून टाकता येत नाही. सॉफ्टवेअर म्हणतं, हा भाग वापरात आहे. कुठे वापरात आहे ते सांगत नाही.

सकाळी न्हाव्याकडे गेलो, टक्कल केलं. म्हटलं, माप तरी चुकेल. येऊन फाइल उघडली तर डोक्याची रेघ आधीच आत सरकलेली. बदलाची वेळ सकाळी सात. मी न्हाव्याच्या खुर्चीत बसलो तेव्हा साडेआठ झाले होते.

मग कापायची सुरी हातात घेतली. आधी स्क्रीन बघितली. डाव्या करंगळीची टिकली आखूड झाली होती. सुरी परत ड्रॉवरमधे ठेवली. थोड्या वेळाने टिकली पुन्हा लांब झाली.

आईला फोन केला. विचारलं, मी कोण? म्हणाली, माझ्या डोक्याचा ताप, आणखी कोण. मग विचारलं, जेवलास का. बराच वेळ ठेवू दिला नाही मी तिला.

उद्या असाच फोन केला आणि ती म्हणाली, कोण बोलतंय, तर? बून हुआतची आई आता सोमवारी काय करत असेल? हात फोनकडे जात असेल का?

२४ जुलै, गुरुवार

काकला सगळं सांगितलं. न झोपवता नाव टाकलं हेही. रागावली. बून हुआतच्या गोष्टीवर विश्वास नाही बसला तिचा, पण माझं तोंड बघून ओरडायचं थांबली. म्हणाली, मी आजवर न झोपवता सही केली नाही, तुझ्यावरही करणार नाही. पण यादीतला भाग एक तर हिरवा होतो नाही तर लाल, तसाच लोंबत राहत नाही. एवढा जीव जातोय ना तुझा, मग झोपव की. बसला नाही तर मी स्वतः लाल फुली मारते आणि विषय संपतो.

आणि तो बसत नाही! आत्ता बघितलं. बाकी सगळं जिथल्या तिथे आहे, पण उजव्या हाताची पाच बोटं चुकलीत. पसरलेली नाहीत, एका जागी गोळा केलीत, चोचीसारखी. कोण झोपतं असं? बून हुआतने घाई केली, माझ्यासारखीच.

पंजा उघडून, सपाट टेकवून झोपायचं. पाच टिकल्या उघड्या पडतील. लाल फुली. दिवाळीला घरी.

चार दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

२५ जुलै, शुक्रवार

सकाळ. मीटिंगच्या खोलीत बत्तीस कागद चिकटपट्टीने जोडून जमिनीवर पसरलेत. काकही जोडू लागली, म्हणाली, तुला झोपवायला चादर केली बघ. झोपलोय. डोकं टिंबावर. टाचा बसल्या, डावा हात बसला, आखूड बोटसुद्धा. उजवा पंजा सपाट, पाचही टिकल्या बाहेर. काकने वाकून बघितलं, म्हणाली, खरंच की रे, हा हात कुठल्या कुठे चाललाय. लाल पेन आणायला गेली.

जमिनीजवळून खोली वेगळीच दिसते. फरशीवर जुन्या चिकटपट्टीचे तुकडे आहेत, पिवळे पडलेले. माझ्या कागदांच्या बाहेरून आणखी एक चौकोन. थोडा लांब. दिवा चालू आहे. त्याच्याही वेळी—

काकला अंकलनी फोन धरायला लावलं वाटतं, आवाज येतोय. पडून पडून कंटाळा आला. एक विमान गेलं. दुसरं. खिशात वही होतीच, म्हणून हे लिहितोय, तेवढाच वेळ जातो. वही डोक्याशी कागदावर टेकवलीय, मान तिरकी करून—

पाठ उचलत नाही.

टाचाही. ऊब लागतेय खालून, वितळल्यासारखी, आणि मग थंड घट्ट. डावा हात गेला. दुखत नाही. पेन हातात आहे तोवर उजवा—

उजवा हात.

कुठे टेकलाय ते आत्ता बघितलं. वहीखाली कागद. बोटांखाली टिकल्या. पाच. गोळा केलेल्या. चोच नाही ती. पेन धरल्यावर बोटं जशी—

टाकतो पेन. टाकतोय. सुटत नाही

काक आली. दारातून विचारतेय, कागद कुणी मांडून ठेवले? काक मी. खाली बघ. बघतेय. भाग बघते तशी बघतेय. भिंग काढलं. टिंबापासून सुरू. डोकं. मान हलवली. डावा हात. मान हलवली. लाल पेन खाली ठेवलं

आई मी गुणा. गुणसेकरन. करुप्पय्याचा. सुंगाई सिपुटच्या मळ्यातला, बोट तुटलेला, तुझ्या डोक्याचा

उजव्या हातापाशी आली. हिरव्याचं टोपण उघ