मार्कांच्या पोर्टलमधलं भोक

११ ऑगस्ट २०२५, सोमवार
बारा वर्षं कंप्युटर सायन्स शिकवलं. आजपासून मी सायबर सिक्युरिटीचीही विभागप्रमुख. प्रिन्सिपल वेंकटराव म्हणाले, "विषय तेच, सुप्रभा. दारावरची पाटी तेवढी नवी."
पाटी खरंच नवी आहे. स्पेलिंग चुकलंय.

१३ ऑगस्ट
ओरत्तनाडू गावाहून एक पालक आले, या तमिळ मुलखातही आपलंच मराठी बोलणारे. मुलगी रम्या, सायबरच्या पहिल्या वर्षाला. "यातून नोकरी लागते की अटक होते?"
नोकरी, म्हटलं. प्रोग्राम लिहिणारा आणि तो फोडून बघणारा – दोघांचा अभ्यास निम्म्याहून जास्त एकच. ऐटीत सांगितलं. माहितीपत्रकातलंच वाक्य होतं.

१५ सप्टेंबर
रम्यानं कॉलेजचं मार्कांचं पोर्टल फोडलं! फोडलं म्हणजे – ब्राउझरमधल्या पत्त्याच्या शेवटी तिचा रोल नंबर होता, तिथे मैत्रिणीचा टाकला, तिला विचारून. पासवर्ड न मागता मार्क समोर. लगेच प्रिन्सिपलना मेलही केला, दुरुस्त करा म्हणून.
वेंकटराव: "ही चोरी आहे. सस्पेंड करायचं." शुक्रवारी चौकशी.
पोर्टल मी लिहिलंय. २०१४च्या पोंगलच्या सुट्टीत. आता कोणाला आठवत नाही. बरंच आहे.

१७ सप्टेंबर
रम्या स्टाफरूमच्या दारात. घरी मराठी, बाहेर तमिळ. रडायला मात्र इंग्लिश लागलं. मग मराठीत, "मॅम, मी गप्प बसले असते तर चाललं असतं?"
मी कॉफी पीत राहिले. भेकड बाई.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
चौकशी. वेंकटराव वैतागून म्हणाले, "पण इतका ढिसाळ प्रोग्राम लिहिला कोणी?"
मी हात वर केला. शाळेतल्यासारखा.
"चूक मी केली, तिनं शोधली. सस्पेंड करायचं तर माणूस नीट निवडा."
बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. रम्याचे वडील माझ्याकडे बघतच राहिले.
रम्या सुटली. मला मेमो – आणि पोर्टल दुरुस्त करायचं काम. भूक सणकून लागली.

२२ सप्टेंबर
रम्याचा अर्ज आला. सायबर सोडून कंप्युटर सायन्स हवंय. "भोक शोधता येतं, मॅम. भोक न ठेवता लिहायचं कसं, ते तुमच्याकडे शिकायचंय."
मलाही येत नाही, म्हटलं.
ती हसली नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली.