पुलातल्या पोकळ्या

३ मार्च, सोमवार
१. देश लष्करी युतीत गेला, त्याला दोन वर्षं झाली.
२. मित्रदेशांचे रणगाडे पेलावेत म्हणून नदीवरचा पूल मजबूत करायचं काम माझ्याकडे आलं.
३. शत्रू आलाच तर पूल आपणच उडवायचा, म्हणून खांबांत स्फोटकांसाठी पोकळ्या ठेवलेल्या होत्या. बाबांनी, सैन्यात इंजिनियर असताना.
४. त्या आज मी काँक्रीटने भरून घेतल्या.
५. जेवताना बाबांना सांगितलं. ते ताटावरून उठले, बॅग भरली आणि आत्याकडे गेले.
राग दोन दिवसांचा आहे. अनुभवाने सांगते.

६ मार्च
दोन दिवस हा ढोबळ अंदाज होता. फोन आत्याने घेतला. तुझा बाप माझ्या माळ्यावर पाण्याचे कॅन रचतोय, म्हणाली. युद्ध आधी माझ्याच स्वयंपाकघरात होणार बहुतेक. बाबांना दे म्हटलं. मागून आवाज आला, घरात नाही म्हणून सांग. आत्याने इमानदारीत तेवढंच सांगितलं: घरात नाही म्हणून सांग, म्हणतोय.

९ मार्च, रविवार
पुलाची आकृती काढून आत्याकडे नेली. बाबा तांत्रिक माणूस, लगेच पटेल. त्यांनी नीट पाहिली, वेल्डिंगचं एक चिन्ह चुकलंय म्हणाले. मग म्हणाले, आम्ही एकट्याने किती दिवस तग धरायचा याचा हिशेब करायचो. तुम्ही मित्र कधी पोचेल याचा करता. आणि नाही आला तर?
मी म्हटलं, तो विषय माझ्या विभागाचा नाही.
त्यांनी आकृतीची घडी घालून परत दिली. चर्चा एकंदरीत सकारात्मक.

१४ मार्च
ऑफिसात सहज विचारलं, नाही आला तर? साहेब हसले. त्यावर युतीचं मत मागवावं लागेल, म्हणाले. पूर्वी अशा प्रश्नाला इथे उत्तर तयार असायचं. चुकीचं असेल, पण आपलं.
हे वाक्य बाबांचं आहे. माझ्या डायरीत कसं आलं, कळत नाही.
दोघांचा स्वयंपाक झाला. उद्या डब्याला होईल. माझं उत्तम चाललंय.

१९ मार्च
चाचणी. रणगाडे गेले, पूल हिशेबाबाहेर वाकला नाही. बाबांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची धरली होती. तिच्यावर कुणीतरी हेल्मेट ठेवलं. बाबांना बरं नसणार.
आत्या म्हणाली, ठणठणीत आहे. सकाळपासून गॅलरीत उभा होता, नदीकडे पाठ करून.

२३ मार्च, रविवार
बाबांना मेसेज लिहायला बसले. आकृतीवर तुमचं मत हवंय, असं लिहिलं. खोडलं. तुमची औषधं इथे राहिलीत, असं लिहिलं. काहीच राहिलेलं नाही. ते जाताना सगळं नेतात. खोडलं.
पाठवला तो असा:
बाबा, काम काही नाही. मला एकटीने राहणं जमत नाहीये. पुढच्या रविवारी तुम्हाला न्यायला येऊ का? शनिवारपर्यंत कळवा.