वाडग्याच्या डाव्या बाजूला

१ जुलै १९८३, शुक्रवार
कालपासून टीव्ही थंड पडलेला नाही! सूनबाईने तीनदा बंद केला, मी चारदा लावला. हरवलेल्यांना शोधायला माणसं पाट्या धरून उभी — नाव, गाव, युद्धात ताटातूट कुठे झाली. एक बाई ओरडली, "दादा, तूच ना रे? अंगठा दाखव बघू!" आणि मग ती दोघं जी काही रडली! मी इथे सुई बोटात खुपसून घेतली. गिऱ्हाइकाच्या रजईवर रक्ताचा डाग.

तेहेतीस वर्षं झाली ह्यांना जाऊन.

३ जुलै, रविवार
ताए-सिकला म्हटलं, मीही जाते पाटी घेऊन. जेवता जेवता थांबला. "आई, बाबा उत्तरेत गेले. ही शोधाशोध फक्त इकडच्या माणसांची आहे."

"नेलं त्यांना. गेले नाहीत."

हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल! शाळेत सभा म्हणून बोलावलं. हे पांढऱ्या सदऱ्यात गेले. उत्तर कोरियाचं सैन्य सोल सोडून निघालं तेव्हा मास्तरांना रांगेत घालून घेऊन गेलं. शेजारीण म्हणे, हसत हसत जात होते. अगं बये, ते चिडले तरी हसल्यासारखेच दिसायचे!

"आणि वाटेत निसटले असले तर?" मी म्हटलं.

"तर घरी आले असते की."

मी उठून भांडी घासली.

५ जुलै
वहीत तरी खरं लिहावं. १९६६ साली ह्यांना मीच मारलं.

ताए-सिक सैनिकी शाळेची परीक्षा पास झाला, आणि यादीत नाव नाही. का? तर कागदावर शेरा — बाप पलीकडे गेलेला. अमेरिका आणि रशियाने नकाशावर रेघ मारली, ती नेमकी माझ्या पोराच्या कपाळावर! दुसरीकडे अर्ज केला, तिथेही तेच. पोरगा आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मग मी उठले, ह्यांच्या गावच्या कचेरीत गेले, दोन साक्षीदार उभे केले आणि सांगितलं, बॉम्बमध्ये गेले. कारकुनाने विचारलं, तारीख? त्याची तयारीच केली नव्हती! घरातून गेले तोच दिवस तोंडातून निघाला. चांद्र आठव्या महिन्याची बारस, सुगीच्या सणाच्या तीन दिवस आधी.

मेले म्हटल्यावर श्राद्ध आलंच. पोलीस ठाण्यातला माणूस तेव्हा पाळतीला दर महिन्याला डोकावायचा, त्याला दिसायला नको? भात, सूप, मासा, बोरं, सगळं रीतीप्रमाणे मांडते. फक्त चमचा नाही. गेलेल्या माणसाचा चमचा भातात उभा रोवतात. मी तो वाडग्याच्या बाजूला आडवा ठेवते, आता येऊन जेवायला बसतील असा. आणि डाव्या बाजूला. हे डावखुरे! सासूबाई जिवात जीव होता तोवर त्या हातावर पळी मारत होत्या.

९ जुलै
गेले! घरात सांगितलं की कापूस आणायला जाते. कापसाच्याच खोक्यावर पाटी लिहिली — नाम स्युंग-गिल, शाळामास्तर, सप्टेंबर १९५०. बायको चोंग-रे वाट बघते आहे. खाली पत्ता. आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात: डावखुरा.

टीव्हीच्या इमारतीची एक भिंत मोकळी नाही. माझ्या पाटीवर एका म्हातारीने आपली पाटी चिकटवली. मी काढली. तिने परत लावली. "अहो बाई, तुमचा नवरा माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर कशाला बसवताय?" तशी हसली. मग दोघींनी भाताचे गोळे वाटून खाल्ले. तिचा नवरा नाही, मुलगी हरवली आहे, तीन वर्षांची. म्हणजे आता छत्तीस वर्षांची, पण ती 'तीन वर्षांची' असंच म्हणते.

१४ ऑगस्ट
आज टीव्हीवाले पाट्यांवरून कॅमेरा फिरवून गेले. माझी दिसली म्हणे! पलीकडच्या दुकानातल्या पोरींनी सांगितलं. घरी कळलंच. ताए-सिक जेवण अर्धं टाकून उठला.

आता कोणी जिन्यावर आलं की हात थांबतो.

२ सप्टेंबर, शुक्रवार
रशियाने आपलं प्रवासी विमान पाडलं. दोनशे एकोणसत्तर माणसं! सगळा बाजार सुन्न. दांडगे दोघं, त्यांचं आपसांतलं वैर, आणि समुद्रात पडली कोण, तर लेकरं घेऊन घरी निघालेली माणसं.

५ सप्टेंबर
ठाण्यातला माणूस आला. किती वर्षांनी! गोड बोलला, बार्लीचं पाणी प्याला. म्हणाला, "आजी, कागदावर तुमचे यजमान मेलेत. मेलेल्या माणसाला शोधता?"

"म्हातारी झाले. चुकतं डोकं," मी म्हटलं.

"मुलगा सौदीला कामावर चाललाय ना? त्याच्या चौकशीचा कागद आमच्याकडेच आहे. सध्या वातावरण तापलंय, म्हणून म्हटलं."

तो गेल्यावर ताए-सिक शांतपणे म्हणाला, "आई, लहानपणापासून मी त्यांची किंमत मोजतोय. चेहरासुद्धा आठवत नाही मला त्यांचा."

६ सप्टेंबर
पाटी काढून आणली. माझ्याच हातांनी.

१८ सप्टेंबर, रविवार
आज श्राद्ध. मी वाढून वळले तर ताए-सिकने चमचा उचलला. "ह्या वर्षी नीट करू या," म्हणाला, आणि भातात उभा रोवला. मी झडप घालून उपटला! भात सगळीकडे उडाला. सूनबाई भिंतीला चिकटून उभी.

"एवढे जिवंत आहेत तर कुठेयत?" तो ओरडला. "एक चिठ्ठी? एक निरोप?"

मग पस्तिशीचा बाप्या, पोरासारखा रडायला लागला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, दुसऱ्या हातात चमचा तसाच होता. पुसला आणि डावीकडे ठेवला.

मला हे हवे आहेत. एवढंच आहे. म्हातारे, टकले, आजारी, कसेही. दाराशी येऊन म्हणावं, "काय गं, भात आहे का?" बस्स.

१६ ऑक्टोबर, रविवार
जिन्यावर पावलं. एक काळा रापलेला म्हातारा, हातात मिठाची पिशवी. माएंग म्हणाला नाव. दक्षिणेच्या किनाऱ्यावर मिठागरात काम करतो.

"वहिनी, टीव्हीत पाटी बघितली. 'डावखुरा' वाचलं आणि पत्ता लिहून घेतला. हंगाम संपल्याशिवाय निघता आलं नाही."

वहिनी म्हणाला. मी त्याला आत घेतलं.

हे निसटले होते! चौथ्या दिवशी. पण आपल्याच सैन्याने शत्रूचा म्हणून धरलं, दोन वर्षं छावणीत ठेवलं. सुटल्यावर घरी यायची हिंमत नाही — "माझ्यामागे पोलीस येतील, पोराला त्रास होईल." मिठागराच्या मालकाने आपल्या मेलेल्या भावाचं नाव दिलं. त्या नावाने राहिले. डाव्या हाताने मीठ ओढायचे, सगळे हसायचे. लग्न केलं नाही. खरं नाव माएंगला सांगितलं ते शेवटच्या दुखण्यात. तीन वर्षांपूर्वी, दहाव्या महिन्याच्या अष्टमीला गेले.

माएंगला जेवू घातलं. तो गेल्यावर मी ह्यांना भरपूर शिव्या दिल्या. मेल्या माणसा, सात तासांची बस! सात तास! पोलिसाला मी बघून घेतलं असतं! एकदा तरी दारावरून जायचं होतं!

१२ नोव्हेंबर, शनिवार
ताए-सिक मिठागरावर जाऊन आला. सौदीचा कागद रखडलाय, तरी गेला. ह्यांचा पत्र्याचा डबा आणला. आत कुटुंबाच्या नोंदीची नक्कल, १९६८ सालची. सगळ्यांना ओळखपत्रं काढायला लावली त्या वर्षीची. म्हणजे हे गेले होते गावच्या कचेरीत, आपल्या खऱ्या नावाने परत यायला. त्यांच्या नावावर आडवी रेघ. मृत. खबर देणार — पत्नी.

खाली पेन्सिलीने, त्या डाव्या हाताच्या कलत्या अक्षरात: "बरं केलंस."

आज दहाव्या महिन्याची अष्टमी. चमचा मी भातात उभा रोवला.